सरावाच्या उड्डाणात गेलेला मुलगा: एका गावच्या फलकाचे प्रकरण

बेळगाव तालुक्यात, सांबऱ्याच्या विमानतळापासून सायकलने जाता येईल अशा एका गावाने ग्रामपंचायतीसमोर फलक बसवायचे ठरवले. सैन्यात कामी आलेल्या गावच्या माणसांची नावे त्यावर यायची होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे इथे घराघरात पलटणीतला माणूस सापडतो. पासष्ट आणि एकाहत्तरच्या लढाया, काश्मीर, श्रीलंका अशी नावे भराभर जमली. मग एका घराने आजोबांच्या धाकट्या भावाचे नाव दिले. दुसरे महायुद्ध, हवाई दल, वय २१, ‘बर्मात जपान्यांशी लढताना’. यादी तिथेच अडली.

युवक मंडळाला हे नाव हवेच होते. फलकाच्या कोपऱ्यात बॉम्ब टाकणारे विमान कोरायचे, इथवर त्यांची तयारी झाली होती. पंचायतीतल्या काहींचे म्हणणे वेगळे होते. पुरावा कुठे आहे, आणि तो इंग्रजांच्या नोकरीत होता, मग आपल्या फलकावर कशाला? पलटणीतून निवृत्त झालेले गावचे सुभेदार साहेब एवढेच म्हणाले, “मेडल दाखवा.” त्या घरातल्या पुतण्याच्या मुलाने माझ्याकडे कागद आणले ते या टप्प्यावर. घराण्याचे आणि गावाचे नाव इथे दिलेले नाही, घरच्यांची तशीच इच्छा आहे.

ट्रंकेत काय होते

पत्र्याच्या ट्रंकेत एक फोटो, एक तार, इंग्रजीत टाइप केलेले एक पानी पत्र, एक पदक आणि निळसर कापडी पुठ्ठ्याची एक वही निघाली. घरात या वहीला ‘काकाची हिशेबाची वही’ म्हणत. आत रकाने आणि आकडे होते, त्यामुळे तो समज साहजिकच होता. वही उड्डाणांची नोंदवही होती, हवाई दलात जिला लॉगबुक म्हणतात ती. तारीख, विमानाचा प्रकार, पायलट कोण, आपले काम काय, किती वेळ हवेत, दिवसा की रात्री. रात्रीच्या उड्डाणांची नोंद लाल शाईत करायची शिस्त असे, ती मुलाने काटेकोर पाळली होती. महिना संपला की तासांची बेरीज आणि खाली अधिकाऱ्याची सही.

अशा प्रकरणांत लॉगबुक मिळणे म्हणजे अर्धे काम झाले. बहुतेक घरांत फोटो असतो, क्वचित तार असते, आणि बाकी सगळे ऐकीव. इथे मुलगा पान पान स्वतः बोलत होता. हुद्दा सार्जंट, काम वायरलेस ऑपरेटर आणि एअर गनर, म्हणजे बिनतारी यंत्र आणि विमानातली मशिनगन सांभाळणारा. आधी भोपाळ, जिथे हवेतून मशिनगन चालवण्याचे शिक्षण देणारी शाळा होती. मग पेशावर. तिथल्या पानांवर विमानाच्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येते: वेंजन्स. कामाच्या रकान्यात सूर मारून बॉम्ब टाकण्याचा सराव, तीन विमानांची रांग धरून उडण्याचा सराव, हवेतला नेमबाजीचा सराव. शत्रूच्या प्रदेशावरचे एकही उड्डाण नाही. सगळे तास मिळून शंभरही भरत नव्हते. १९४३ च्या शेवटाकडची शेवटची ओळ वेगळ्या अक्षरात आहे, अधिकाऱ्याने लिहिलेली.

पत्र याच अधिकाऱ्याचे. नेहमीच्या सरावाच्या उड्डाणात विमान कोसळले, पायलट आणि तुमचा मुलगा दोघेही जागीच गेले, अंत्यसंस्कार हिंदू रीतीने आणि लष्करी मानाने झाले, अशा आशयाचे. अपघाताचे कारण पत्रात नाही, आणि फलकासाठी त्याची गरज नव्हती म्हणून आम्ही ते उकरत बसलो नाही. ऐंशी वर्षांनी एखाद्या पायलटच्या माथी चूक मारण्यात कुणाचे भले होते?

पदक होते ते १९३९-४५ चे युद्धपदक. एका बाजूला सहाव्या जॉर्जचे मुकुटधारी डोके, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह. हे पदक २८ दिवसांच्या नोकरीवर मिळत असे. बर्माच्या आघाडीवर एकही मोहिमेचे उड्डाण झाले असते तर ‘बर्मा स्टार’ या सहा टोकांच्या ताऱ्यावर त्याचा हक्क लागला असता. सुभेदार साहेबांनी पदक हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, “तारा कुठाय?” तारा नव्हता. आता नुसता तारा नसणे हा पक्का पुरावा धरता येत नाही, कारण कितीतरी घरांनी हक्काची पदके मागितलीच नाहीत. पण लॉगबुक, पत्र आणि पदक तिन्ही एकच गोष्ट सांगत होती.

बर्मा आला कुठून

घरच्यांनी जाणूनबुजून खोटे रचले होते असे मला कधीच वाटले नाही. वेंजन्स हे दोन माणसांचे अमेरिकी विमान होते, जवळजवळ उभा सूर मारून बॉम्ब टाकण्यासाठीच बांधलेले. भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) त्यावर लढल्या. ८ क्रमांकाची स्क्वाड्रन डिसेंबर १९४३ मध्ये बर्मातल्या आराकानच्या आघाडीवर उतरली, ७ क्रमांकाची पुढच्या वसंतात इंफाळकडे. म्हणजे मुलगा ज्या विमानावर शिकत होता ते विमान बर्मालाच निघाले होते. त्याच्या बरोबरीचे गेले असणार. “पोराला बर्माला पाठवणार हाईत” हे वाक्य घरात नक्की बोलले गेले असेल. पाठवणारचे पाठवले व्हायला दोन पिढ्या पुष्कळ झाल्या.

दुसरे कारण मला जास्त मोलाचे वाटते. पायदळातल्या माणसाच्या मरणाला साक्षीदार असतो. १९४१ साली आफ्रिकेत केरेनच्या डोंगरावर किंवा १९४४-४५ मध्ये इटलीत मराठा पलटणीतला जवान पडला, तर त्याच्या शेजारच्या खंदकात खानापूरचा, चंदगडचा, निपाणीचा कुणीतरी असे. तो सुट्टीवर आला की त्या घरी जाऊन बसे, चहा घेई आणि कसे झाले ते सांगे. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, मिळवलेल्यांच्या हकिकती आपल्या भागात पोचल्या त्या निव्वळ सरकारी गॅझेटमुळे नाहीत. हवाई दलात तसली पलटण नव्हती. देशभरातून वेचलेली मुले, कुणी पंजाबचा, कुणी मद्रासचा, कुणी बंगालचा. पेशावरहून या गावाला येऊन सांगणारा कुणीच नव्हता. आली ती तार आणि एक इंग्रजी पत्र. ती रिकामी जागा भरली बर्माहून परत आलेल्या शेजाऱ्यांच्या गोष्टींनी.

एका माणसाला मात्र खरे ठाऊक होते. मुलाच्या थोरल्या भावाची मुलगी, घरातली आत्या, आज नव्वदीच्या आसपास आहे आणि निपाणीकडे असते. तार आली तेव्हा ती सात-आठ वर्षांची. तार वाचायला शाळेतल्या मास्तरांना बोलावले, पत्र आले तेव्हाही मास्तरांनीच अर्थ सांगितला. ती म्हणाली, “लढाईत न्हवं, शिकताना पडलं इमान. बाबा म्हणायचे, भायेर सांगू नका. शिकताना पडलं म्हटलं की लोक हसतील.”

तीच भीती तिच्या भाच्याच्या, म्हणजे माझ्याकडे कागद आणणाऱ्याच्या, तोंडून आली: “सरावात मेला म्हणून लिहिलं तर काय म्हणतील? येत नव्हतं म्हणून पडला.” सगळी अडचण इथे होती. पुराव्याचा प्रश्न दुपारभरात सुटला, लाजेचा प्रश्न सुटायला फार वेळ लागला.

शिकताना म्हणजे काय

या गावाने तरी ही लाज बाळगायला नको होती, असे मी बैठकीत स्पष्ट बोललो. सांबऱ्याचा विमानतळ १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधला तो युद्धासाठी, आणि तिथे तेव्हाही वैमानिकांचा सराव चाले. आज हवाई दलाची एअरमेन, म्हणजे हवाई दलाचे जवान, घडवणारी शाळा तिथेच आहे, अग्निपथ योजनेतून हवाई दलात आलेल्या अग्निवीरवायूंची पहिली तुकडीही इथेच तयार झाली. पहाटेची कवायत गावात ऐकू येते. शिक्षण ही नोकरीच्या आधीची फुकटची पायरी नाही, नोकरीच आहे, हे ज्या गावाला रोज दिसते त्याने शिकताना आलेल्या मरणाला हसावे?

दुसऱ्या महायुद्धाचे आकडे पाहिले की हसू मावळते. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, बॉम्बर कमांडचे, ५५ हजारांहून जास्त वैमानिक आणि सहकारी गेले. त्यांतले सुमारे ८ हजार शत्रूपर्यंत पोचण्याआधीच, प्रशिक्षणात आणि बिगरमोहिमेच्या अपघातांत गेले. आपल्याकडे युद्ध सुरू झाले तेव्हा भारतीय हवाई दलाची एकच स्क्वाड्रन होती, संपले तेव्हा नऊ होत्या. एवढी वाढ करायची तर मुलांना घाईने तयार करावे लागते, वापरून थकलेली विमाने सरावाला द्यावी लागतात, आणि शिकवणारेही कधी कधी नवखेच असतात. रात्री, धुळीच्या वादळात, ओळखीच्या नसलेल्या मुलखावर उडावे लागते.

वेंजन्सवरचा सराव तर फारच वाईट. दहा-बारा हजार फुटांवरून नाक थेट जमिनीकडे करून सुटायचे, तीनेक हजार फुटांवर बॉम्ब सोडून विमान वर ओढायचे. ओढताना अंगावर एवढा भार येतो की डोळ्यांपुढे अंधारी येते. पायलटला निदान समोर जमीन दिसते, हातात दांडा असतो. मागचा गनर शेपटीकडे तोंड करून बसलेला. सूर मारताना त्याच्या डोळ्यांसमोर जमीन नसते, फक्त आकाश असते. पुढचा माणूस वेळेवर ओढेल या भरवशावर तो बसतो, आणि असे दिवसातून एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्याचे स्वतःचे कौशल्य तिथे कामाला येतच नाही. ‘येत नव्हते म्हणून पडला’ या म्हणण्यातला पोकळपणा यावरून भाच्याला पटला, निदान त्याने पुढे वाद घातला नाही.

सुभेदार साहेब इतका वेळ गप्प होते. मग त्यांनी आपल्या नोकरीतली हकिकत सांगितली. ग्रेनेडच्या रेंजवर गेलेल्या एका रंगरुटाची होती ती. “त्याला पण तिरंग्यातच आणला,” एवढे बोलून ते थांबले. ज्यांच्याकडून सगळ्यांना विरोधाची अपेक्षा होती ते अशा रीतीने बाजूला आले. अट त्यांची एकच: बर्मा लिहायचे नाही.

नोंद कुठे सापडली

घरातले कुणी पूर्वी पुण्याला खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जाऊन नाव शोधून आले होते. मिळाले नाही. गावात त्यावरून ‘म्हणजे सगळे बनावच’ असा बोभाटा झाला होता. खडकीत महायुद्धातल्या दफनांच्या रांगा आहेत, पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या कबरी तिथे एकत्र आणल्या आहेत. ज्याला पेशावरला अग्नी दिला त्याची कबर खडकीत कशी असेल?

अविभाजित भारताच्या सैन्यातल्या ज्या २५ हजारांहून अधिक जणांना अशी कबर नाही, त्यांच्यासाठी दिल्ली आणि कराची अशी जोडस्मारके आहेत. कॉमनवेल्थ युद्ध कबर आयोगाच्या संकेतस्थळावर ती यादी शोधता येते. आमचे शोधणे आधी फुकट गेले, कारण आपली नावे इंग्रजांच्या रकान्यांत नीट बसत नाहीत. कधी आडनाव जाते आणि वडिलांचे नाव आडनावाच्या जागी बसते. कधी एकच आडनाव तीन स्पेलिंगांनी येते, खुद्द नामदेव जाधवांचे आडनावही इंग्रजीत एकसारखे लिहिलेले सापडत नाही. शेवटी आडनाव सोडून लॉगबुकातल्या सेवा क्रमांकावरून गेलो तेव्हा नोंद मिळाली. आडनावात एक अक्षर चुकलेले, पुढे भारतीय हवाई दल, वय २१, वडिलांचे नाव, बेळगाव.

त्या नोंदीत मरणाचे कारण नाही, आणि हे या एकाच नोंदीपुरते नाही. आयोगाची स्थापना १९१७ ची, आणि पद, वर्ण, धर्म यांवरून भेद करायचा नाही हा त्याचा पहिल्यापासूनचा नियम. दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना जो गेला तो नोंदीत आला. गोळीने, तापाने, ट्रक उलटून की विमान पडून, हा प्रश्न नाव कोरताना विचारत नाहीत.

गंमत अशी की घरातल्या पंचांगानेही तो कधी विचारला नव्हता. पितृपक्षात या मुलाचे म्हाळ इतरांबरोबर घालत नाहीत, भाद्रपद वद्य चतुर्दशीला वेगळे घालतात. ही घातचतुर्दशी. शस्त्राने गेलेला, बुडालेला, जळालेला, अपघातात गेलेला, सगळ्यांचे श्राद्ध त्याच दिवशी. ऐंशी वर्षे हे घर त्याला रणात पडलेल्यांच्या पंगतीत जेवू घालत होते, अडले होते ते फक्त फलकावर.

‘इंग्रजांच्या नोकरीत’ हा आक्षेप मी थोडक्यात सोडतो, कारण त्याला उत्तर गावातच होते. ज्यांनी तो घेतला त्यांच्यापैकी एकाच्या आजोबांचा गणवेशातला फोटो, त्याच युद्धातला, घरात देवघराशेजारी लावलेला आहे.

फलकावर काय आले

बैठक संपत आली तरी मंडळाची मुले बॉम्बचे चित्र सोडायला तयार नव्हती. तेव्हा कलमेश्वराच्या देवळामागच्या वीरगळीकडे, वीराच्या स्मरणाच्या जुन्या दगडाकडे, एकाने बोट दाखवले. हे सुचले त्या मुलाला, मला नाही. आपल्या भागात वीरगळ सगळ्यांनी पाहिलेली असते, पण नीट पाहिलेली नसते. वर चंद्र-सूर्य, त्याखाली शिवलिंगाची पूजा, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, आणि सगळ्यांत खाली तो कसा मेला ते. या दगडावर खाली गाई आहेत. राजासाठी लढाई नव्हे, गावची गुरे वळवून नेणाऱ्यांना अडवताना गेलेला तो कुणीतरी. कोरणाऱ्याने त्याच्या हाताखाली हत्ती-घोडे घातले नाहीत. मुलांनी चित्राचा हट्ट सोडला.

नावांचा क्रम कसा लावायचा यावरून थोडी रस्सीखेच झाली. सुभेदार साहेबांना हुद्द्याने हवा होता, शेवटी मृत्यूच्या तारखेने ठरला. त्यामुळे हा २१ वर्षांचा सार्जंट सगळ्यांत वर आला. पासष्टच्या लढाईत गेलेल्या जवानाच्या घरी सुरुवातीला ते खटकले होते, पुढे कुणी विषय काढला नाही. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत, नावाइतक्याच आकाराच्या अक्षरांत. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांनी कन्नड मजकूर शाळेतल्या कन्नड शिक्षकांकडून तपासून घेतला. एरवी आपल्याकडे पाटीच्या भाषेवरून काय काय होते ते सगळ्यांना माहीत आहे, इथे तसे काही झाले नाही. ओळ अशी आहे: नाव, वायरलेस ऑपरेटर व एअर गनर, भारतीय हवाई दल, पेशावर येथे सरावाच्या उड्डाणात विमान कोसळून मृत्यू, १९४३.

तारीख मात्र आत्यांशी बोलल्याशिवाय लिहायची नाही असे ठरले होते. घरात वार्षिक श्राद्धाची तिथी चालत आली ती तार पोचल्या दिवसाची. युद्धाच्या धामधुमीत तारेला उशीर झालेला, त्यामुळे लॉगबुकातली तारीख तिच्या तीन-चार दिवस आधीची निघते. फलकावर लॉगबुकातली तारीख घाला, असे आत्या लगेच म्हणाल्या. घरची तिथी बदलायची का, असे भाच्याने विचारले तर त्यांनी त्यालाच विचारले, “आमास्नी कळलं कवा? तवाच की. मग?” घरची तिथी तशीच राहिली.

एक काम अजून चालू आहे. आयोगाच्या नोंदीतले आडनाव दुरुस्त करून घ्यायचे आहे. पुरावा जोडला तर अशा दुरुस्त्या ते करतात. तार आणि पत्र दोन्हींत आडनावाचे स्पेलिंग नोंदीसारखेच चुकलेले आहे, म्हणजे चूक बहुधा भरतीच्याच कागदात झाली असावी. म्हणून अर्जाला लॉगबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला आहे. तिथे मुलाने आपले नाव स्वतः लिहिले आहे, इंग्रजीत, सगळी अक्षरे बरोबर.